भंडारदऱ्याच्या काठाने पळताना: कोणता महिना, कोणती बाजू?

घोटीवाली

नमस्कार. गेल्या रविवारी मुतखेलहून रतनवाडीपर्यंत पळत गेले आणि पळतच परत आले. डांबरी रस्त्याने नव्हे. रस्त्याच्या खालून, पाण्याच्या अगदी कडेकडेने. दोन दिवस झाले, मांड्या अजून दुखतायत, पण ती वाट डोळ्यांसमोरून हलत नाही म्हणून लिहायला बसले. शेवटी काही प्रश्न आहेत, तेवढे नक्की वाचा.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. भंडारदऱ्याचं धरण प्रवरा नदीवर, अकोले तालुक्यात. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं. भिंत पूर्वेच्या टोकाला, शेंडीजवळ. तिथून पाणी पश्चिमेकडे डोंगरांच्या बेचक्यांमधून आत आत शिरत जातं. उत्तरेला कळसूबाईची रांग आणि पुढे अलंग, मदन, कुलंग. दक्षिणेला रतनगड. सबंध जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे, त्याला सगळे रिंग रोड म्हणतात. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. पूर्ण फेरी ४० किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ मॅरेथॉनच, आणि तीही घाटातली.

माझं माहेर घोटी, सासर नाशिक. लहानपणी भंडारदरा म्हणजे श्रावणात सगळ्यांनी एका जीपमध्ये कोंबून रंधा धबधबा बघायला जाणं. पळायला लागले चाळिशीत, तेही गोदाकाठी आणि कॉलनीच्या मैदानावर. त्यामुळे हे पाणी मी नेहमी गाडीच्या काचेतून, वरून पाहिलेलं. फेब्रुवारीत खाली उतरून पाहिलं तेव्हा कळलं की काठ असा एक नसतोच. पाणी जसजसं खाली जातं तसतशी ते मागे एकेक रेघ सोडत जातं. उतारावर पायऱ्या कोरल्यासारख्या त्या रेघा दिसतात. प्रत्येक पायरी जेमतेम एका माणसाला पळता येईल एवढी रुंद. सगळ्यात वरची पायरी दगडगोट्यांची, मधली मुरमाची, आणि पाण्यालगतची गाळाची. मी मधली धरली. पायाखाली करकर आवाज, उजव्या हाताला पाणी, आणि पाण्यावर धुक्याचा गुडघाभर थर. सूर्य वर आला तसा तो थर एका बाजूने गुंडाळत गेला आणि मागून रतनगडाचं नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, दिसलं. त्या वेळी मी थांबले. घड्याळही थांबवलं.

मग एक चूक केली. कोलटेंभ्याच्या अलीकडे एक ओहोळ आत शिरलाय. त्याला वळसा घालायचा कंटाळा केला आणि सरळ गाळावरून निघाले. वरून वाळलेला, भेगाळलेला. चार पावलं नीट पडली, पाचव्याला डावा पाय नडगीपर्यंत आत. बूट तिथेच राहिला. गाळात हात घालून तो बाहेर काढला, पण घोट्याला हिसका बसला तो बसलाच. रतनवाडीला अमृतेश्वराच्या पुष्करणीपाशी बराच वेळ बसून राहिले. येताना निमूट डांबरी रस्त्याने आले.

जाऊन-येऊन २५ किलोमीटरच्या आसपास झाले. आता प्रश्न.

पूर्ण फेरी एका दिवसात करायची असेल तर महिना कोणता? शेंडीहून निघून आधी मुरशेतची बाजू घ्यावी की मुतखेलची? आणि ही पाण्याकडेची वाट पुढे उत्तरेच्या बाजूलाही सलग आहे का?

पहाटफेरी

ताई, वाचूनच पाय शिवशिवले. मी पुण्याचा. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात रिंग रोड पूर्ण पळालोय, तेव्हा दिशेबद्दल माझं मत ठाम आहे. आधी उत्तर बाजू, म्हणजे मुरशेत-पांजरेकडून घाटघर.

कारण सांगतो. उत्तर काठ उघडा आहे. झाडी विरळ, शेतं जास्त. नऊनंतर तिथे सावली मिळत नाही. दक्षिण काठ रतनगडाच्या पोटाशी, दाट झाडीतला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे डोंगराची सावलीसुद्धा त्या रस्त्यावर उशिरापर्यंत राहते. म्हणजे उघडा भाग थंडीत उरकायचा आणि ऊन चढेल तेव्हा झाडीत शिरायचं. शिवाय पहाटे पश्चिमेकडे पळताना सूर्य पाठीशी असतो आणि समोर अलंग-मदन-कुलंगच्या कड्यांवर पहिलं ऊन पडतं. ते तीन किल्ले तांबूस होताना बघायचे तर त्याच वेळी उडदावण्याच्या आसपास असायला हवं.

तोटा एकच. परतीला ऊन तोंडावर येतं. टोपी घ्या.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. पहाटे हातमोजे लागतात.

सांधेजोड

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे आधी घोट्याचं. ताई, हिसका बसल्यावर तुम्ही बारा-तेरा किलोमीटर पळत परत आलात हे वाचून काळजी वाटली. सूज आहे का? एका पायावर उभं राहून तीस सेकंद तोल राहतो का? घोट्याच्या हाडावर, मागच्या कडेला दाबून दुखतं का? हाडावरच दुखत असेल किंवा चार पावलं वजन टाकून चालता येत नसेल तर एक्स-रे काढून घ्या, अंगावर काढू नका. नुसतं स्नायूबंधावर आलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत बरं होतं, पण त्यानंतर तोल सावरण्याचे व्यायाम केल्याशिवाय पुन्हा अशा वाटेवर जाऊ नये. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, कारण पाय कुठे कसा टेकलाय हे मेंदूला कळवणारी तिथली जाणीव मंदावते. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा. आठवड्याभराने तेच डोळे मिटून करा.

मांड्या दुखतायत त्या उतारामुळे. चढावर दम लागतो, पण स्नायू खरे फाटतात उतरताना, कारण मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेकचं काम करतो. म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त असतं. साम्रदहून रतनवाडीकडे उतरताना नवखी माणसं लांब टांगा टाकतात आणि टाचेवर आपटत जातात. पावलं छोटी आणि पटापट टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, अंग मागे झुकवू नका. नाशिकलाच आहात, तर पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर आठवड्यातून एकदा उतरण्याचा सराव करा. चढताना चाललात तरी हरकत नाही.

पाण्याबद्दलही एक. चार-पाच तासांच्या पळण्यात नुसतं साधं पाणी ढोसत राहणं धोक्याचं ठरू शकतं. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ होते, डोकं जड होतं, आणि माणूस ते उन्हाचं समजून आणखी पाणी पितो. तहान लागेल तेवढंच प्या आणि सोबत ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू ठेवा.

मुतखेलचा_भाचा

ताई, आधी बरं वाटलं की कुणीतरी आमच्या काठाबद्दल इतकं जवळून लिहिलं. मुतखेल माझं आजोळ. सगळ्या सुट्ट्या तिथे काढल्यात, आता नोकरीला संगमनेरात असलो तरी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. तुम्ही ज्या पायऱ्या म्हणता त्यांवरून आम्ही लहानपणी म्हशी घेऊन जायचो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ती पळायची वाट नाही. म्हणजे पळू नका असं म्हणत नाही, पण ती कुणाची तरी वापरातली वाट आहे. मधली मुरमाची पायरी म्हणजे गुरांची पाण्यावर जायची वाट. तिथे खुरांचे ठसे वाळून दगडासारखे घट्ट होतात, वाटीएवढे खोल, आणि त्यांवर गवत आलं की दिसतही नाहीत. घोटा बहुतेक तिथेच जातो, गाळात नाही. सकाळी सात ते नऊ गुरं त्या वाटेने उतरतात. तेव्हा समोरून म्हशी आल्या तर तुम्ही डोंगराच्या बाजूला सरका आणि थांबा. पाण्याच्या बाजूला कधीच नाही. म्हैस बिथरली की पाण्याकडेच पळते.

गाळाची जी पट्टी आहे त्यात काही ठिकाणी हरभरा, वाल असतो. पाणी मागे सरलं की त्या ओलीवर पेरतात. पाऊस नको, पाणी घालायला नको, गाळाच्या जीवावर पीक येतं. ह्याला गाळपेर म्हणतात. रोपं लहान असताना ती पट्टी नुसती हिरवट दिसते आणि बाहेरच्या माणसाला ते रान वाटतं. मागच्या वर्षी एक मोठा गट पळायला आला होता. खुणेसाठी त्यांनी जागोजाग फिती बांधल्या आणि सगळेच्या सगळे मामांच्या वालातून गेले. जाताना एनर्जी जेलच्या पुड्या टाकून गेले, फिती तशाच राहिल्या. मामी दोन दिवस त्या फिती सोडत होती, कारण गुरं प्लास्टिक खातात. भांडायला कुणी गेलं नाही. आमची माणसं भांडत नाहीत. पण तेव्हापासून पळणारी माणसं दिसली की मामी ओट्यावरून उठून बघते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. उत्तरेला काठाची वाट सलग नाही. मुरशेत-पांजऱ्याकडे मध्ये मध्ये आहे, पण ओढे खोल शिरलेत आणि खडकाचे सुळके थेट पाण्यात उतरतात. तिथे रस्त्यावरूनच जा. दक्षिणेला मुतखेल ते कोलटेंभे हा तुकडा चांगला आहे, पण तो वर्षातून तीन-चार महिनेच असतो. ऑगस्टात धरण भरलं की तुमच्या तिन्ही पायऱ्या पाण्याखाली, झाडांच्या बुंध्यापर्यंत पाणी. दिवाळीनंतर हळूहळू उघडायला लागतो.

एप्रिल-मेमध्ये पाणी अगदी तळाला गेलं की खाली जुने बांध दिसतात. दगडी, हातभर रुंद. धरणाच्या आधीची आमची भातखाचरं. आजी त्यांतल्या प्रत्येकाचं नाव सांगायची, तिने स्वतः ती कधी पाहिली नव्हती, तिच्या सासूने तिला सांगितलेली. आंब्याचं, वडाखालचं, थोरलं. आता मामाला तीनच नावं आठवतात.

कालवाकाठ

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी श्रीरामपूरकडचा शेतकरी, पळण्याशी माझा संबंध नाही. पण ताई ज्या पायऱ्यांवरून पळाल्या त्या आमच्यामुळे पडतात. भंडारदऱ्यातून आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी पाळीचं पाणी सोडलं, की ते प्रवरेने निळवंडे धरणात येतं, तिथून ओझरच्या बंधाऱ्यावर आणि मग डाव्या-उजव्या कालव्यांनी आमच्याकडे. ११ टीएमसीचं, म्हणजे ११ हजार दशलक्ष घनफूट पाण्याचं धरण. आजोबांच्या काळापासून आमचा ऊस, गहू, घास ह्या पाण्यावर. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही ह्याच पाण्याच्या पट्ट्यात.

म्हणून काठाची वाट कधी मिळेल हे महिन्यावर नाही, आवर्तनावर ठरतं. आवर्तन चालू असेल तर पाणी रोज थोडं थोडं उतरतं आणि कडेचा गाळ अगदी ताजा, ओला असतो. आवर्तन बंद होऊन दोन आठवडे गेले की तो धरतो. आवर्तनाच्या तारखा पेपरात येतात. त्या बघून जा.

भाचेसाहेब, खाचरांची नावं वाचली. आमच्या गावात कुणालाच हे माहीत नसेल. मी उद्या मुलांना वाचून दाखवणार आहे.

रातकिडा_नाशिक

मस्त धागा. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. काजव्यांच्या दिवसांत, जूनच्या सुरुवातीला रात्री रिंग रोड पळायचा विचार करतोय. ऊन नाही, गर्दी झोपलेली, हेडलॅम्प लावून रात्री अकराला निघायचं. कुणी केलंय का?

मुतखेलचा_भाचा

दादा, हे करू नका, अशी हात जोडून विनंती.

काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत असतात, वळवाचे एक-दोन पाऊस झाल्यावर. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ह्या झाडांवर. ते लुकलुकतात ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. नर उजेड करतो, मादी त्याला उत्तर देते. त्यांच्याकडे थोडेच दिवस असतात. मध्ये हेडलॅम्पचा झोत आला की झाडच्या झाड विझतं. मी पाहिलंय. एका गाडीने वळणावर मोठे दिवे लावले आणि सगळा सादडा काळा झाला, बराच वेळ परत पेटला नाही. मादी बुंध्याशी, गवतात खाली बसलेली असते, म्हणजे नेमकी तुमचे पाय पडतील तिथे.

शिवाय हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. बिबट्या आहे. तो माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण रात्रीची वेळ त्याची. वनखात्याच्या नाक्यावर वेळा ठरलेल्या असतात, त्या विचारूनच आत या. काजवे बघायचे तर जरूर या, आमच्याकडे राहा, पिठलं-भाकरी खा, अंगणात बसून बघा. दिवे लागत नाहीत.

रातकिडा_नाशिक

पटलं. आम्हाला खरंच हे माहीत नव्हतं. रात्रीचं पळणं रद्द. जूनमध्ये नुसतं बसायला येतो.

पहाटफेरी

माझाही एक मुद्दा सुधारतो. डिसेंबर सांगितलं ते रस्त्यासाठी बरोबर, पण काठाच्या वाटेसाठी नाही, हे आता कळलं.

साम्रद-घाटघरबद्दल थोडी भर. घाटघरला कोकणकड्याच्या टोकावर पोचलात की थांबा. खाली थेट कोकण उघडतं. तिथेच घाटघरचा २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. वरच्या धरणातलं पाणी कड्याखाली चोंढ्याला सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. त्यामुळे तिथल्या छोट्या जलाशयाची पातळी एका दिवसातही वर-खाली होते. पाऊसही ह्या टोकाला प्रचंड. पावसाळ्यात पळायचा मोह होईल, पण फरशीपुलांवर शेवाळ धरतं आणि कड्यावरचा वारा माणूस ढकलतो. मी जुलैत एकदा आवणी, म्हणजे भातलावणी, चालू असताना गेलो होतो, घाटघरच्या अलीकडेच परत फिरलो.

घोटीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण आधी घोटा बरा केला. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. दात घासताना एका पायावर उभी राहतेय, घरातले आता विचारायचे थांबलेत.

काल फेरी पूर्ण केली. शेंडीहून पहाटे पाचला निघाले, आधी उत्तर बाजू. उडदावण्याच्या पुढे कुलंगवर ऊन आलं. त्याचं वर्णन करत नाही, पहाटफेरींनी लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. साम्रदचा चढ चालत गेले, उतार छोट्या पावलांनी. रतनवाडीत ऊन चढलं होतं. कोलटेंभ्यापर्यंत झाडीतल्या रस्त्याने आले आणि तिथून मुतखेलपर्यंत खाली काठाने, पण वरच्या दगडगोट्यांच्या पायरीवरून, चालत. खुरांचे ठसे ह्या वेळी दिसले. गेल्या वेळी मी त्यांवरूनच पळाले होते आणि एकही पाहिला नव्हता. वालाच्या शेंगा काढून झाल्या होत्या, एका पट्टीत दोन बाया काड्या गोळा करत होत्या.

भाचे, तुमच्या मामींना भेटले. ओट्यावरून उठून बघत होत्या. मी सांगितलं, तुमच्या भाच्याने पाठवलंय. आधी पाणी दिलं, मग तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. मी डाळिंबं नेली होती. निघताना त्यांनी विचारलं, एवढी पळतेस ती कुणाच्या मागे लागलीस? मी म्हटलं, कुणाच्याच नाही, पाण्याला वळसा घातला. त्या म्हणाल्या, आम्हीपण घालतो, रोज थोडा थोडा.

काठाला तीन फिती अजून अडकलेल्या सापडल्या, त्या आणल्या. आणि मामांनी खाचरांचं चौथं नाव सांगितलं, त्यांना ते तुमच्या फोननंतर आठवलं म्हणे. तेल्याचं. वहीत लिहून घेतलंय.

एप्रिलअखेर पुन्हा जायचा विचार आहे, बांध बघायला. तेव्हा काठ कसा असेल?

मुतखेलचा_भाचा

ताई, मामीचा काल रात्रीच फोन आला होता. डाळिंबं गोड निघाली.

उन्हाळी आवर्तन सुटलंय असं मामा म्हणतो, त्यामुळे आत्ता पंधरा दिवस खाली उतरू नका. कोलटेंभ्याच्या ओहोळापाशी तर मुळीच नाही, तिथला गाळ मेपर्यंत धरत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी तिकडेच आहे. पहाटे लवकर या, नऊच्या आत खाली जाऊन येऊ. बांधांवर बूट काढून चालायचं असतं, आजी तसं करायची.

कालवाकाठ

मी मुलांना घेऊन आलो तर चालेल का?

मुतखेलचा_भाचा

या की. सहा वाजता मुतखेलच्या शाळेपाशी.